धुऱ्यावरची सेल्फी आणि दिराचा स्क्रीनशॉट

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ४४ वर्षांच्या ताईंनी लिहिलंय. गावातल्या पाच जणी मिळून निंदणाला, वेचणीला जातात. दुपारी धुऱ्यावरच्या निंबाखाली शिदोरी सोडायची, आणि जेवण झालं की ताई मुलाचा जुना फोन काढतात, पाची जणी सेल्फी घेतात. "त्या दोन मिनिटांत अर्ध्या दिवसाचा शीण उतरते," असं त्या लिहितात. पाचांत सगळ्यांत धाकटी ३१ वर्षांची. पत्रात तिला त्यांनी 'लहानी' म्हटलंय. तिचा नवरा गेल्या हिवाळ्यात रातच्या लाइनीवर मोटार लावायला गेला आणि शॉक लागून वारला. महिन्याभरापूर्वी ताईंनी एक सेल्फी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवली. तीत लहानी सगळ्यांत मोकळी हसतेय. तिच्या दिरानं स्क्रीनशॉट काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "भाऊ जाऊन साल नाही झालं अन् इचे दात पाहा." सासूनं चार दिवस तिला कामावर येऊ दिलं नाही. आता ती येते, पण फोन निघाला की पाणी आणायच्या निमित्तानं उठून जाते. बाकीच्या तिघी म्हणतात, तिच्याच भल्यासाठी तिला सोडून फोटो काढू. मुलगा म्हणतो, "माय, या वयात हे काय लावलं तू? बंद कर." ताईंचे प्रश्न असे: आमचं चुकलं का? सेल्फी बंद करावी का? लहानीला वगळून काढली तर चालेल का? तो जुना फोटो डिलीट करू का? आणि या वयात मला हे वेड लागलं तरी कसं?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. 'वेड' हा शब्द बहुधा मुलाचा आहे, तुम्ही तो तसाच उचललाय. जरा आठवून पाहा, तुमचे स्वतःचे फोटो घरात कुठले कुठले आहेत. लग्नाच्या अल्बममध्ये मान खाली घातलेली नवरी. आधार कार्डावरचा, जो कुणालाच स्वतःचा वाटत नाही. पासबुकावरचा. जॉब कार्डावरचा. रेशन कार्डावर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यापासून घरातली सगळ्यांत मोठी बाई कुटुंबप्रमुख असते, तेव्हा तिथं तुम्ही असाल नाहीतर तुमच्या सासूबाई. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर तर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर हजेरी बंधनकारक झाली. दिवसातून दोनदा बायांना उन्हात उभं करून फोटो घेतला जाई. त्या फोटोवर कुणाच्या दिरानं हरकत घेतल्याचं काही ऐकिवात नाही.

या सगळ्या फोटोंत कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता. कुठं उभं राहायचं, पदर कुठवर घ्यायचा, कुणाच्या बाजूला बसायचं, हे तोच सांगणार. धुऱ्यावर फोन तुमच्यातल्याच एकीच्या हातात असतो आणि ती स्वतःही फोटोत असते. आपण कशा दिसतोय ते पाची जणींना आधीच दिसतं. एक म्हणते, "थांब वो, पदर नीट करू दे," दुसरी मुद्दाम जीभ काढते, आणि जमलेला फोटो बिघडतो. मला वाटतं तुमचा शीण उतरतो तो या गोंधळात. त्यात तुम्ही कुणाची सून नाही, कुणाची माय नाही, कुणाच्या वावरातली मजूरही नाही. लग्न होऊन या गावी आलात तेव्हा माहेरी बरोबर भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मैत्रिणी सुटल्या. इथल्या मैत्रिणी शेजारशेजारच्या तासात निंदता निंदता जमल्या. त्या मैत्रीचा दुसरा कुठलाच कागद नाही, हा फोटो तेवढा आहे.

तुम्ही पत्रात सहज एक वाक्य लिहिलंय, "वावर तं रोजच दिसते, त्याचा फोटो कायले काढू?" ट्युबिंगेन आणि ओहायो स्टेट विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये जवळपास हेच सांगितलं. समोरचं दृश्य कसं होतं ते जपायचं असेल तर माणूस नुसत्या दृश्याचा फोटो काढतो. तो प्रसंग आपल्याला काय होता ते जपायचं असेल तर स्वतःसकट काढतो. सेल्फी काढणारा तो स्वतःवर भाळलेला, हा समज त्यामुळे मला फारसा पटत नाही. निदान पाच जणींच्या सेल्फीला तर तो लागूच होत नाही.

जाता जाता एक. फोन धरणारीचंच नाक दर वेळी फुगलेलं दिसतं आणि त्यावरून तिची थट्टा होते, असं तुम्ही लिहिलंय. दोष तिच्या नाकाचा नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखवलं होतं की पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. हात लांब करा, नाहीतर पाळीपाळीनं फोन धरा.

आता मूळ गोष्टीकडे येते. "आम्ही सेल्फी काढली म्हणून हे झालं," असं तुमच्या पत्रात तीनदा आलंय. तसं झालेलं नाही. त्या दुपारच्या आधीही तुम्ही कितीतरी सेल्फी काढल्या, लहानी त्यांत होती, हसलीही असेल. कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुढच्या दोन गोष्टींनी: तुम्ही फोटो स्टेटसला ठेवला, आणि दिरानं तो उचलून भावकीत नेला. या दोन्ही गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. त्यानं जे केलं ते जाणूनबुजून केलं, खाली ओळ लिहून केलं. ते ओझं तुम्ही तुमच्या डोक्यावर घेऊ नका. पण तुमच्या वाट्याचं जे आहे तेही टाळू नका: ठेवण्याआधी तुम्ही लहानीला विचारलं नव्हतं. बाकीच्या तिघींनाही विचारलं नसेल, पण त्यांना त्याची किंमत मोजावी लागली नाही.

फोटो काढणं आणि फोटो दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोनमध्ये ती एका बटणाच्या अंतरावर असल्यानं आपल्याला एकच वाटतात. धुऱ्यावर हसताना लहानी चौघींसमोर हसत होती. स्टेटसला गेल्यावर तीच लहानी तुमच्या फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत त्या सगळ्यांसमोर हसली: किराणावाला, रोजगार सेवक, तुमचा चुलतसासरा, तिचा दीर. त्यांच्यासमोर हसायचं की नाही हे तिनं ठरवलंच नव्हतं. यात नुसती रीतभातही नाही. मौजेचाही प्रश्न आहे. दाखवायचा म्हणून फोटो काढणाऱ्यांना त्या क्षणाची मजा कमी येते आणि आपल्याजवळ ठेवायचा म्हणून काढणाऱ्यांना जास्त, असं २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासात आढळलं. आपण लोकांना कसे दिसू ही काळजी मध्ये शिरते, हे त्याचं कारण. तुमच्या पाच जणींत ती काळजी आता शिरलीय, आणि म्हणूनच लहानीला बरोबर त्याच वेळी तहान लागते.

तेव्हा सेल्फी बंद करू नका, स्टेटस तपासा. व्हॉट्सॲपमध्ये स्टेटसच्या प्रायव्हसीत तीन पर्याय असतात: सगळ्या संपर्कांना दाखवायचं, काही जणांना वगळून दाखवायचं, किंवा निवडलेल्या लोकांनाच दाखवायचं. तिसरा निवडला तर तुमचं स्टेटस त्या चौघींपुरतं राहू शकतं. मुलाला लावून द्यायला सांगा. बंद कर म्हणण्यापेक्षा हे काम त्यानं करावं. स्टेटस २४ तासांनी जातं, पण कुणी स्क्रीनशॉट काढला तर तो जात नाही, आणि काढल्याचं तुम्हाला कळतही नाही. त्याहून सरळ म्हणजे पाच जणींचा वेगळा ग्रुप. पण तिथंही एक पाहा. आपल्याकडे फोन बाईच्या नावाचा असला तरी हात घरभराचे लागतात. ग्रुपवर आलेला फोटो गॅलरीत जाऊन बसतो, आणि लहानीचा फोन संध्याकाळी दिराच्या पोराच्या हातात असेल तर बंद ग्रुपचा काही उपयोग नाही. तिचा फोन घरी कुणाकुणाच्या हातात असतो, हे आधी तिलाच विचारा. कदाचित ती म्हणेल, मला पाठवूच नको, तुझ्याच फोनमध्ये राहू दे, मी वावरात आल्यावर पाहीन.

आणि आता तिला वगळण्याचं. "तिच्याच भल्यासाठी" असं तुमच्या मैत्रिणी म्हणतात. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण हे शब्द लहानीनं या वर्षात आणखी कुठं कुठं ऐकले असतील ते आठवून पाहा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, महालक्ष्म्यांच्या जेवणाला, कुणाच्या ओटी भरणाला. "तुले उगाच बोलतीन, त्यापेक्षा घरीच राह्य." दर वेळी तिचंच भलं, आणि दर वेळी तीच बाहेर. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात तसा ठराव झालाय का, पाहा. झाला असेल तरी तो दप्तरात असणार. निंबाखाली काय करायचं ते तुम्हा पाच जणींनाच ठरवायचंय. लहानीला जिथं कुणी बाजूला बस म्हणालं नव्हतं, अशी ती बहुधा एकच जागा होती.

काही जणी दुसरी युक्ती सुचवतील: फोन लहानीच्याच हाती द्या, ती तुम्हा चौघींचा फोटो काढेल, म्हणजे तिलाही काम आणि कुणाला बोलायला जागा नाही. कृपा करून हे करू नका. हेही वगळणंच आहे, फक्त जरा गोड. तिला स्वतःलाच तसं हवं असेल तर गोष्ट वेगळी.

मग करायचं काय, तर तिला विचारायचं. सगळ्यांदेखत नको, चौघींच्या नजरा असल्या की ती "मले काही नाही, काढा तुम्ही" म्हणून मोकळी होईल. सकाळी वावरात जाताना दोघीच असाल तेव्हा विचारा. एकच मोठा प्रश्न नको, तीन लहान विचारा: तुले फोटोत राहाचं आहे का? राहिली तर तो कोणाच्या फोनात ठेवू? अन् कोणाले दाखवला तर चालते? तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं येऊ शकतात. आज नाही आणि दिवाळीनंतर हो, असंही येऊ शकतं. उत्तर 'नाही' आलं तर ते तिथंच ठेवा, समजावत बसू नका. फक्त एवढं करा की तिच्या 'नाही'मुळे बाकीच्यांची सेल्फी कायमची बंद पडू देऊ नका. नाहीतर "माझ्यापायी यांचं हसणं गेलं" हे आणखी एक ओझं तिच्या माथी. ती पाण्याला गेली तर जाऊ द्या, आली की तिला त्याच जागी बसवून घ्या.

एक माझं मत सांगते, पटलं तर घ्या. तुमचं चुकलं ते न विचारता दाखवणं, तेवढ्याचीच माफी लहानीकडे मागा. ती हसली याबद्दल तुम्ही किंवा तिनं कुणाचीही माफी मागायचं कारण नाही. नवरा गेलेली बाई वर्षाच्या आत हसू शकते. हसल्यावर रात्री रडूही शकते. फोटोत दुपार आली, रात्र आली नाही, एवढंच.

सासूला आणि दिराला मात्र एका मापानं मोजू नका. त्या माउलीचा पोरगा गेलाय. सुनेचा हसरा चेहरा भावकीच्या ग्रुपवर पाहून तिच्या पोटात कालवलं असेल, आणि त्यात सुनेबद्दल राग असेलच असं नाही. तुमचं तिच्याशी बोलणं असेल तर एकदा जाऊन बसा, फोन घरी ठेवून. "मी विचारल्याबिगर फोटो लावला, ते माझं चुकलं" एवढं म्हणा आणि पुढं तिलाच बोलू द्या. पोराबद्दल बोलली तर ऐका. दिराशी हुज्जत घालायला जाऊ नका, निदान लहानीला विचारल्याशिवाय तर नकोच. तुम्ही वाद घालून घरी याल, तिला त्याच घरात झोपायचंय.

दिराच्या बाबतीत एक शंका मनात येते. दुरून पाहणाऱ्या बाईची शंका आहे, खोटी ठरली तर मला आनंदच आहे. सुनेच्या हसण्यावर भावकीत एवढा गवगवा होतो तेव्हा कधी कधी भांडण हसण्याचं नसतं, वावराचं असतं. "हिला काही दुःख नाही" हे चार लोकांत एकदा ठरलं की "हिला वावर कायले पाहिजे" म्हणणं सोपं जातं. म्हणून लहानीला हळूच विचारा, नवऱ्याच्या पश्चात सातबाऱ्यावर तिचं आणि लेकरांचं नाव लागलं का. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं ती, तिची लेकरं आणि नवऱ्याची आई हे बरोबरीचे वारस. ते असताना भावाला त्यात वाटा मिळत नाही. म्हणजे सासू आणि सून यात एकाच बाजूला आहेत, हे दोघींनाही कुणी सांगितलं नसेल. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असेल तर हिशेब वेगळा, तो जाणकाराला विचारावा लागेल. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करायचा असतो. घरात जाच वाढला तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सासरच्या घरात राहायचा तिचा हक्क मानतो. हे सगळं एका सेल्फीवरून निघालंय असं वाटेल, पण मला यातलं सातबाऱ्याचं काम फोटोपेक्षा जास्त निकडीचं वाटतं.

तुमच्या मुलानं तुम्हाला सेल्फी काढताना माणसं मेल्याच्या बातम्या पाठवल्यात. त्या खोट्या नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या जगभरच्या बातम्या चाळून सेल्फीपायी गेलेल्या २५९ जणांची नोंद केली होती. त्यात सगळ्यांत जास्त आपल्या देशातले, आणि कारणांत बुडणं सगळ्यांत वर. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण पोरं बुडाली. नावेतून फेसबुक लाइव्ह चाललं होतं. पण निंबाखाली बसलेल्या पाच बायांना यातलं काय लागू? विहिरीच्या काठावर, चालत्या ट्रॅक्टरवर, आणि आभाळ गडगडत असताना झाडाखाली फोटो नको. शेवटचं तर फोटो नसतानाही नको. मुलाला हे सांगून टाका आणि मग विचारा, त्याच्या फोनमध्ये मित्रांबरोबरचे फोटो किती आहेत, आणि आईबरोबरचे किती.

अशीच पत्रं तालुक्याच्या कॉलेजला एसटीनं जाणाऱ्या मुलींकडूनही येतात. तिथं दिराच्या जागी भाऊ असतो किंवा वर्गातला कुणी. त्यांनाही वरचं सगळं लागू आहे, आणि एक जास्तीचं. कुणी तुमच्या फोटोत फेरफार करून पसरवला तर घाबरून सगळं पुसून टाकू नका. आधी स्क्रीनशॉट ठेवा, नंबर आणि तारीख दिसेल असे. मग घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला घेऊन पोलिसांत किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. मैत्रिणीबरोबर हसल्याचा फोटो हा गुन्हा नाही, तो बिघडवणं हा आहे.

राहिला तो जुना फोटो. तुम्ही एकट्यानं डिलीट करू नका आणि एकट्यानं ठेवूही नका, तो जितका तुमचा तितकाच लहानीचा आहे. तिनं "ठेव" म्हटलं तर तालुक्याच्या स्टुडिओतून पाच प्रती काढून आणा. कागदावरचा फोटो कुणाच्या स्टेटसला आपोआप जात नाही, आणि ट्रंकेत साडीच्या घडीत राहतो. तिची प्रत तिच्या घरी ठेवायची नसेल तर तुमच्याकडे ठेवा. तिनं "काढून टाक" म्हटलं तर पाची जणींच्या फोनमधून काढा, ग्रुपमधूनही काढा, आणि गॅलरीतल्या कचरापेटीतूनही काढायला विसरू नका. तिथं तो बरेच दिवस तसाच पडून असतो.